विश्लेषण : वादळापासून दूर जायचे, पण जायचे कुठे? 'सुरक्षित' अ‍ॅशव्हिल बुडाले त्याची गोष्ट

समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर आणि डोंगरात वसलेले शहर चक्रीवादळात उद्ध्वस्त होते, तेव्हा 'राहायला सुरक्षित जागा' या शब्दांचा अर्थच तपासून पाहावा लागतो. अमेरिकेतल्या हेलेन वादळाने नेमके हेच केले. त्यातून घर घेणाऱ्यांनी आणि सरकारांनीही शिकण्यासारखे बरेच आहे.

समुद्रकिनाऱ्यावर दरवर्षी वादळे येतात, मग लोक तिथून निघून का जात नाहीत? प्रत्येक मोठ्या चक्रीवादळानंतर हा प्रश्न विचारला जातो. अमेरिकेत तो विचारणाऱ्यांना एक उत्तरही तयार मिळत असे : डोंगरात जा. त्या उत्तरात नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या अ‍ॅशव्हिलचे नाव हमखास असे. सुमारे ९५ हजार वस्तीचे, समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटर उंचीवरचे हे शहर. हवा थंड, परिसर हिरवागार आणि समुद्र दूर.

२७ सप्टेंबर २०२४ च्या सकाळी या शहराच्या सखल भागांत घरांच्या छपरांपर्यंत पाणी चढले. वीज गेली, फोन बंद पडले, रस्ते तुटले. नळाला पुन्हा पिण्याजोगे पाणी यायला ५३ दिवस लागले.

हेलेन वादळात नेमके काय झाले?

हेलेन २६ सप्टेंबरच्या रात्री फ्लोरिडा राज्यातल्या पेरी या गावाजवळ किनाऱ्यावर धडकले. तेव्हा ते चौथ्या श्रेणीचे होते आणि वाऱ्याचा वेग ताशी सुमारे २२५ किलोमीटर होता. किनाऱ्यावर समुद्राचे पाणी काही ठिकाणी साडेचार मीटरपर्यंत चढले. वादळाच्या केंद्राने टॅम्पा बेच्या परिसराला स्पर्शही केला नाही. ते दूर समुद्रातूनच पुढे गेले. तरीही तिथल्या किनारी वस्त्यांत पाणी घुसले आणि माणसे बुडून मरण पावली.

पण हेलेनचा सर्वात मोठा तडाखा बसला तो तिथून सुमारे ६०० किलोमीटर उत्तरेला, अ‍ॅपलेशियन डोंगररांगांत. या वादळात सुमारे अडीचशे माणसे गेली. त्यात १०० हून अधिक एकट्या नॉर्थ कॅरोलिनातली होती. अ‍ॅशव्हिलमधून वाहणाऱ्या फ्रेंच ब्रॉड नदीने १९१६ च्या महापुराचा विक्रम मोडला. स्वानानोआ नदीच्या खोऱ्यातल्या वस्त्या वाहून गेल्या. चिमनी रॉक या पर्यटकांच्या आवडत्या गावाची बाजारपेठ पुराच्या लोंढ्यात गेली. डोंगरांवर दोन हजारांहून अधिक ठिकाणी दरडी कोसळल्या. टेनेसी राज्याकडे जाणारा 'आय-४०' महामार्ग पिजन नदीच्या घळीत खचला. तो अंशतः सुरू व्हायला मार्च २०२५ उजाडला, तोही दोन्ही बाजूंना एकेका मार्गिकेपुरता.

अ‍ॅशव्हिल सुरक्षित का मानले जात होते?

लोकांच्या मनात धोक्याची जी यादी असते, तिच्यावर हे शहर चांगले उतरत होते. समुद्राचे पाणी तिथे पोहोचू शकत नाही. फ्लोरिडासारखा उकाडा नाही. कॅलिफोर्नियाएवढी वणव्यांची भीती नाही. पाणीही मुबलक. हवामान बदलाच्या काळात आसरा देणारी शहरे म्हणून जी नावे माध्यमांतून फिरत, त्यात अ‍ॅशव्हिल असे.

अमेरिकेत 'हाफबॅक' असा एक गमतीदार शब्द आहे. उत्तरेकडच्या थंडीला कंटाळून निवृत्तीनंतर फ्लोरिडाला गेलेली आणि मग उकाडा, गर्दी व वादळे नको म्हणून अर्ध्या वाटेने परत फिरलेली मंडळी म्हणजे हाफबॅक. यातल्या अनेकांचा मुक्काम नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात पडला. म्हणजे वादळापासून पळून आलेली माणसेच तिथे वादळात सापडली.

आणखी एक विसंगती अशी की, अमेरिकेच्या हवामानाच्या नोंदी ज्या सरकारी संस्थेकडे जपल्या जातात, त्या 'नॅशनल सेंटर्स फॉर एन्व्हायर्नमेंटल इन्फर्मेशन'चे मुख्यालय अ‍ॅशव्हिलमध्येच आहे. देशातल्या अब्जावधी डॉलर नुकसानीच्या आपत्तींचा हिशेब याच संस्थेने वर्षानुवर्षे ठेवला. हेलेननंतर तिच्याही यंत्रणा काही काळ बंद पडल्या. शहराला आपल्या धोक्याची माहितीच नव्हती, असे म्हणायला त्यामुळे जागा उरत नाही. १९१६ च्या पुराची नोंद होती. २००४ मध्ये फ्रान्सिस आणि आयव्हन या वादळांनी याच भागात पूर आणि दरडी आणल्या होत्या, त्याचीही नोंद होती. माहिती कागदावर होती. घर घेणाऱ्यांच्या हिशेबात मात्र ती उतरलेली नव्हती.

डोंगरात इतका पाऊस का पडला?

सह्याद्रीचा पावसाळा पाहिलेल्यांना हे समजायला अवघड नाही. अरबी समुद्रावरून येणारे बाष्प घाटाला अडते, वर चढते, थंड होते आणि महाबळेश्वरला धो-धो पाऊस पडतो. हेलेनने मेक्सिकोच्या आखातातून आणलेले बाष्पही असेच अ‍ॅपलेशियन डोंगरांना अडले. वादळ किनाऱ्यापासून दूर गेले की त्याचा वारा मंदावतो, पण बाष्प लगेच संपत नाही. डोंगर ते पिळून काढतात.

त्यात आणखी एक दुर्दैव होते. हेलेन पोहोचण्याच्या एक-दोन दिवस आधीच या भागात जोरदार पाऊस सुरू झाला होता. जमीन पाण्याने तुडुंब होती आणि नद्या आधीच भरल्या होत्या. मग मुख्य वादळ आले. अ‍ॅशव्हिलच्या विमानतळावर तीन दिवसांत सुमारे ३५० मिलिमीटर पावसाची नोंद झाली. जवळच्या डोंगरातल्या बुझिक या ठिकाणी ती सुमारे ७८० मिलिमीटर होती. डोंगरउतारावर पडलेले पाणी काही तासांत अरुंद खोऱ्यांत उतरते. मैदानात पूर पसरतो, खोऱ्यात तो उंच चढतो आणि वेगाने धावतो. डोंगरावरच्या शहरात बाजार, कारखाने, रस्ते आणि परवडणारी घरे बहुतेक वेळा खाली नदीकाठीच असतात, कारण सपाट जमीन तिथेच मिळते.

हवामान बदलाचा वाटा किती? हवा एक अंश सेल्सिअसने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते. 'वर्ल्ड वेदर अ‍ॅट्रिब्युशन' या शास्त्रज्ञांच्या गटाच्या अभ्यासानुसार हेलेनचा पाऊस तापमानवाढीमुळे सुमारे १० टक्क्यांनी वाढला. दहा टक्के ऐकायला थोडे वाटतात. पण पात्र काठोकाठ भरलेले असताना वर येणारे पाणी घरातच शिरते.

वादळाची श्रेणी पाहून धोका कळत नाही का?

पूर्ण कळत नाही. 'कॅटेगरी ४', 'कॅटेगरी ५' हे आकडे फक्त वाऱ्याचा वेग सांगतात. पाऊस किती पडेल, समुद्र किती चढेल, वादळ एका जागी किती वेळ रेंगाळेल, यातले काहीही त्या आकड्यात नसते. नॉर्थ कॅरोलिनात पोहोचेपर्यंत हेलेनचा वारा चक्रीवादळाच्या श्रेणीतही उरला नव्हता. माणसे मात्र तिथेच जास्त गेली.

अमेरिकेच्या राष्ट्रीय चक्रीवादळ केंद्राने १९६३ ते २०१२ या काळातल्या मृत्यूंचा अभ्यास केला. वादळाच्या थेट तडाख्यात मेलेल्या दर १० जणांपैकी सुमारे नऊ जण पाण्यामुळे मेले होते आणि त्यातले निम्म्याहून थोडे अधिक समुद्राचे पाणी किनाऱ्यावर चढल्यामुळे. अलीकडच्या दशकात मात्र पावसाच्या पुराने सर्वाधिक बळी घेतले आहेत. 'समुद्रापासून किती लांब' हा प्रश्न म्हणूनच अपुरा पडतो. जवळचा ओढा घरापासून किती खाली आहे, हेही विचारावे लागते.

मग दुसरे शहर निवडले तर?

निवडता येते, पण धोका तिथे वेगळ्या रूपात भेटण्याची शक्यता असते. २००५ च्या कॅटरिना वादळानंतर लाखाहून अधिक लोक न्यू ऑर्लिन्स सोडून टेक्सासमधल्या ह्यूस्टनला आले. त्यातले अनेक जण कायमचे तिथले झाले. न्यू ऑर्लिन्सची लोकसंख्या २००० मध्ये सुमारे ४ लाख ८५ हजार होती, ती २०१० मध्ये ३ लाख ४४ हजारांवर आली. मग २०१७ मध्ये हार्वे वादळ ह्यूस्टनच्या परिसरात दिवसेंदिवस रेंगाळले आणि टेक्सासच्या त्या भागात काही ठिकाणी दीड हजार मिलिमीटरपर्यंत पाऊस पडला. कॅटरिनातून वाचून आलेल्या काहींनी दुसऱ्यांदा घर गमावले. शहराच्या पश्चिमेला तर पूर रोखण्यासाठी १९४० च्या दशकात बांधलेल्या जलाशयांच्या फुगवट्याच्या जागेतच वसाहती उभ्या राहिल्या होत्या. आपले घर जलाशयाच्या पोटात आहे, हे अनेक घरमालकांना पाणी आल्यावर कळले.

उत्तरेकडचे बफेलो शहर घ्या. २०१९ मध्ये तिथल्या महापौरांनी शहराला हवामान बदलाच्या काळातले आश्रयस्थान म्हटले होते. डिसेंबर २०२२ मध्ये बफेलोच्या परिसरात आलेल्या हिमवादळाने ४० हून अधिक जणांचा जीव घेतला. थंड, शांत व्हरमाँट राज्यही असेच सुरक्षित मानले जाई. तिथे जुलै २०२३ मध्ये राजधानी माँटपिलियर पाण्याखाली गेली आणि बरोबर एक वर्षाने राज्यात पुन्हा पूर आला.

वादळाच्या वाटेतून थोडे बाजूला सरकणेही पुरेसे नसते. हेलेननंतर अवघ्या १३ दिवसांनी, ९ ऑक्टोबर २०२४ ला, मिल्टन वादळ फ्लोरिडाच्या पश्चिम किनाऱ्यावर सिएस्टा की येथे धडकले. पण त्याच्याबरोबर आलेल्या टोर्नेडोने राज्याच्या दुसऱ्या, पूर्व बाजूच्या सेंट लुसी काउंटीत सहा जणांचा बळी घेतला, तोही मुख्य वादळ जमिनीवर येण्याआधी.

याचा अर्थ सगळीकडे सारखाच धोका आहे, असा नाही. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचे बसके घर आणि बफेलोतले पक्के घर यांत वादळाचा धोका सारखा नाहीच. बर्फाला काही दिवस घरात बसून तोंड देता येते. छपरापर्यंत चढलेल्या पाण्याला देता येत नाही. शहर बदलले की धोक्याचा प्रकार आणि प्रमाण बदलते. तो शून्य होत नाही, एवढेच.

'शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर' म्हणजे काय?

घर घेताना सर्वाधिक दिशाभूल याच शब्दांनी होते. नुकताच पूर येऊन गेला, आता शंभर वर्षे चिंता नाही, असा त्याचा अर्थ घेतला जातो. खरा अर्थ असा की, एवढा पूर येण्याची शक्यता दरवर्षी एक टक्का असते. या वर्षी आला म्हणून पुढच्या वर्षीची शक्यता कमी होत नाही.

आता गृहकर्जाचा हिशेब करा. कर्ज ३० वर्षांचे असेल, तर त्या काळात असा पूर किमान एकदा येण्याची शक्यता २६ टक्के होते. म्हणजे साधारण चारातून एक. चारातल्या एका प्रवाशाचे सामान हमखास हरवते, अशा बसमध्ये कोणी आयुष्यभराची कमाई ठेवणार नाही. घराच्या बाबतीत मात्र 'एक टक्का' ऐकून माणूस निश्चिंत होतो.

शिवाय हा एक टक्का येतो जुन्या नोंदींवरून. पाऊसमान बदलत असेल, तर कालचा एक टक्का आज दीड किंवा दोन झालेला असू शकतो. अमेरिकी सरकारचे पूररेषेचे नकाशे मुख्यतः नद्या आणि समुद्राच्या पुराचा विचार करतात. कमी वेळात कोसळलेल्या पावसाने लहान ओढे, नाले फुगून येणारे पाणी त्यात नीट धरलेले नसते. नकाशावरच्या रेषेबाहेर घर आहे, याचा अर्थ नकाशा काढणाऱ्याने तिथला धोका मोजलेला नाही, इतकाच असू शकतो.

विमा असला की प्रश्न मिटतो का?

नाही, आणि हेलेननंतर हेच सर्वात कडवटपणे समोर आले. अमेरिकेत घराच्या नेहमीच्या विम्यात पुराचे नुकसान धरले जात नाही. त्यासाठी वेगळा विमा घ्यावा लागतो, जो बहुतेक लोक १९६८ मध्ये सुरू झालेल्या सरकारी योजनेतून घेतात. त्यात घराच्या बांधकामासाठी जास्तीत जास्त अडीच लाख डॉलर आणि सामानासाठी एक लाख डॉलर मिळतात. नवा विमा साधारणपणे ३० दिवसांनी लागू होतो. वादळाची बातमी पाहून अर्ज भरला, तर उपयोग नाही.

पूररेषेच्या आत घर असेल आणि कर्ज काढले असेल, तरच हा विमा बहुधा सक्तीचा असतो. बाकीच्यांनी तो घ्यावा की नाही, ही त्यांची मर्जी. अ‍ॅशव्हिल ज्या बंकम काउंटीत आहे, तिथे पुराचा विमा असलेली घरे एक टक्क्याच्या आसपास होती. सुरक्षित म्हणून नावाजलेल्या गावाची हीच गोम असते. भीती नसते म्हणून तयारीही नसते.

फ्लोरिडात उलटी अडचण आहे. तिथे भीती आहे, पण विमा परवडत नाही. हप्ते देशात सर्वाधिक महागड्यांत गणले जातात. खासगी कंपन्यांनी हात आखडता घेतल्याने राज्य सरकारच्या 'सिटिझन्स' या विमा संस्थेवर भार आला होता. त्यात चक्रीवादळाच्या नुकसानीत घरमालकाला सोसावा लागणारा वाटा अनेकदा विमा रकमेच्या टक्केवारीत असतो. चार लाख डॉलरच्या विम्यावर दोन टक्के म्हणजे पहिले आठ हजार डॉलर स्वतःच्या खिशातून. तरीही २०१० ते २०२० या दशकात फ्लोरिडाची लोकसंख्या सुमारे २७ लाखांनी वाढली.

एकाच वादळात काही घरे का टिकतात?

सप्टेंबर २०२२ मध्ये इयान हे चौथ्या श्रेणीचे वादळ फ्लोरिडाच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर आले. फोर्ट मायर्स बीचवर समुद्राने घरे पायासकट उचलून नेली. त्याच प्रदेशात, किनाऱ्यापासून काही अंतर आत बॅबकॉक रँच ही नवी नगरी आहे. इयान तिच्यावरूनही गेले. तिथली वीज गेली नाही. घरांचे मोठे नुकसान झाले नाही.

यात चमत्कार काही नव्हता. जागा निवडतानाच समुद्रसपाटीपासून आठ-नऊ मीटर उंचीची निवडली गेली. विजेच्या तारा जमिनीखालून नेल्या. वीज जवळच्या सौर प्रकल्पातून येते. पाणी साठायला तळी आणि पाणथळ जागा राखल्या. घरे नव्या, कडक बांधकाम नियमांनुसार उभी राहिली. ते नियमही एका आपत्तीनेच आणले. १९९२ च्या अँड्र्यू वादळाने दक्षिण फ्लोरिडातली कच्ची बांधकामे उघडी पाडली आणि २००२ पासून राज्यभर एकच कडक बांधकाम संहिता लागू झाली.

उलट अ‍ॅशव्हिलचा धडा असा की, तयारी जुन्या पुराच्या मापाने केली तर नवा पूर ती ओलांडतो. २००४ च्या पुरात जलवाहिन्या तुटल्यावर शहराने एक पर्यायी जलवाहिनी टाकली होती, तीही सुमारे साडेसात मीटर खोल. हेलेनने तेवढी जमीनच खरवडून नेली आणि मुख्य वाहिन्यांबरोबर ती पर्यायी वाहिनीही गेली.

मग सुरक्षितता मिळवायची कशी?

अनेकदा ती दुसऱ्या राज्यात नसते, त्याच गावात थोडी वर असते. इलिनॉय राज्यातले व्हालमायर हे सुमारे ९०० वस्तीचे गाव १९९३ मध्ये मिसिसिपी नदीच्या महापुरात बुडाले. गावाने ठरवले की आता इथे पुन्हा बांधायचे नाही. सुमारे तीन किलोमीटरवर, १२० मीटर उंच कड्यावर नवे गाव वसवले. शाळा, चर्च, शेजार सगळे बरोबर गेले.

नॉर्थ कॅरोलिनातच, अ‍ॅशव्हिलपासून दोन तासांवर शार्लट शहर आहे. तिथल्या स्थानिक प्रशासनाने १९९९ पासून पूरप्रवण जागेतली ४०० हून अधिक घरे मालकांच्या संमतीने विकत घेऊन पाडली आणि ती जमीन ओढ्यांना परत दिली. आज तिथे मोकळी मैदाने आणि चालण्याच्या वाटा आहेत. पाऊस पडला की पाणी तिथे पसरते, घरांत नाही.

हे सोपे मात्र नाही. लुइझियानातल्या आयल द जाँ शार्ल या बेटाची बहुतेक जमीन १९५५ नंतर समुद्राने गिळली. तिथल्या मूळनिवासी कुटुंबांना हलवण्यासाठी २०१६ मध्ये सुमारे ४ कोटी ८० लाख डॉलरचा सरकारी निधी मंजूर झाला. पहिली कुटुंबे सुमारे ६५ किलोमीटर आत, नव्या वसाहतीत राहायला गेली ती २०२२ मध्ये. मासेमारीवर जगणाऱ्या माणसाला पाण्यापासून दूर नेले की जीव वाचतो, पण रोजीरोटीचा प्रश्न नव्याने सुरू होतो.

निवड खरोखर कोणाच्या हातात असते?

'तिथे राहताच कशाला?' हे विचारणे सोपे आहे. उत्तर बहुतेक वेळा पैशांत असते. नॉर्थ कॅरोलिनाच्या डोंगरात नदीकाठच्या सपाट जागी फिरत्या घरांच्या वसाहती होत्या, कारण कमी पगाराच्या माणसाला परवडणारी जागा तीच. वरच्या टेकडीवरचे, दृश्य दिसणारे घर दुसऱ्या राज्यातून आलेला निवृत्त माणूस घेतो. त्याच्याकडे स्वयंपाक करणारी, गवत कापणारी, इस्पितळात काम करणारी माणसे खाली राहतात. एकाच शहराचा पत्ता, पण धोका वेगळा.

सरकारी निर्णयही घरमालकाच्या हातात नसतात. २००४ च्या दरडींनंतर नॉर्थ कॅरोलिनाने २००५ मध्ये डोंगराळ काउंट्यांचे दरडीचे नकाशे काढायला घेतले. चार काउंट्या झाल्यावर २०११ मध्ये निधी थांबला आणि काम बंद पडले. ते पुन्हा सुरू झाले २०१८ मध्ये. मधली सात वर्षे घरे बांधणारे आणि विकत घेणारे थांबले नव्हते. ज्या माहितीवर माणसाने निवड करायची ती माहितीच सरकारने अर्धवट सोडली, तर चुकीच्या जागी राहिल्याचा दोष त्याच्या एकट्याच्या माथी मारता येत नाही.

घर घेण्यापूर्वी काय पाहावे?

शहरांच्या क्रमवारीपेक्षा पुढचे प्रश्न जास्त उपयोगी पडतात.

• घराजवळ सर्वात खालच्या पातळीवर वाहणारे पाणी कोणते आणि घराचे जोते त्यापेक्षा किती उंच आहे?

• घराच्या वर काय आहे? तीव्र उतार, नव्याने कापलेला डोंगर, भराव किंवा धरण आहे का?

• गावातल्या जुन्या लोकांच्या आठवणीतले सर्वात मोठे पाणी कुठपर्यंत आले होते? नकाशाच्या रेषेइतकेच हे महत्त्वाचे.

• बाहेर पडायला रस्ते किती? एकच पूल असेल आणि तो गेला, तर काय?

• पाणी आणि वीज कुठून येते, आणि दोन आठवडे बंद राहिली तर घरातल्या आजारी वा वृद्ध माणसाचे काय?

• घर कोणत्या वर्षी, कोणत्या नियमांनुसार बांधले?

• पुराचा विमा किती रुपये किंवा डॉलरला पडतो? सौदा करण्याआधी हा आकडा मागवावा. घर विकणारा जे सांगत नाही, ते विम्याचा हप्ता अनेकदा सांगतो.

आणि एक गोष्ट कुठल्याच कागदावर नसते : शेजार. अ‍ॅशव्हिलच्या परिसरात रस्ते तुटल्यावर पहिले काही दिवस लोकांना शेजाऱ्यांनीच तारले. कोणी करवतीने पडलेली झाडे कापून वाट केली, कोणी विहिरीचे पाणी वाटले, कुठे खेचरांवरून औषधे पोहोचवली गेली.

महाराष्ट्राशी याचा संबंध काय?

पहिला संबंध नात्यांचा. टॅम्पा, ह्यूस्टन, शार्लट, रॅले या शहरांत मराठी कुटुंबे स्थिरावली आहेत, आणि अमेरिकेतल्या वादळाची बातमी आली की पुण्या-नाशिकच्या घरांतून फोन जातात. यातल्या अनेकांचे मुक्कामाचे शहर नोकरी ठरवते. एच-१बी व्हिसावर असलेल्याला तर कामाचे शहर बदलायचे झाले, तरी कंपनीला बहुधा नव्याने कागदपत्रे करावी लागतात. राज्य निवडणे हातात नसले, तरी त्या शहरातले कोणते घर घ्यायचे हे हातात असते. वरचे प्रश्न त्यासाठीच.

दुसरा संबंध डोंगराचा. २२ जुलै २०२१ रोजी महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. त्याच दिवशी चिपळूण बुडाले आणि महाड तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळून ८० हून अधिक जीव गेले. त्याआधी जुलै २०१४ मध्ये माळीणवर डोंगर आला होता. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडी गाडली गेली, तेव्हा दरडप्रवण गावांच्या यादीत तिचे नाव नव्हते, हे सरकारनेच सांगितले. नकाशात नाही म्हणून धोका नाही, ही समजूत अ‍ॅशव्हिलइतकीच आपल्याकडेही महागात पडली आहे.

आपल्याकडे घाटात 'सेकंड होम'च्या जाहिराती रोज दिसतात. थंड हवा, धुके, दरीचे दृश्य. जाहिरातीत उताराचा कोन नसतो आणि डोंगर कापताना पाण्याची वाट कुठे वळवली, तेही नसते. घेणाऱ्याने ते विचारले पाहिजे. पण त्याला उत्तर मिळेल अशी व्यवस्था करणे, म्हणजे अद्ययावत दरडीचे आणि पुराचे नकाशे गावागावांत, सातबाऱ्याइतक्या सहज मिळतील असे करणे, हे सरकारचे काम आहे.

थोडक्यात काय?

वादळात घर गमावलेल्या माणसाने दुसरीकडे जाण्याचा विचार करणे अगदी स्वाभाविक आहे, आणि काही जागा सोडल्याच पाहिजेत, हेही खरे. पण नकाशावर बोट ठेवून 'इथे काही होत नाही' असे सांगणारा कोणी भेटला, तर आधी अ‍ॅशव्हिल आठवावे. त्या शहरात २७ सप्टेंबरच्या सकाळी टेकडीवरची बरीच घरे उभी होती आणि काही मिनिटांच्या अंतरावर, नदीकाठी, काहीच उरले नव्हते. दोन्हींचा पिन कोड एकच असू शकतो. जीव वाचला की गेला, हे ठरले त्या काही मीटरच्या उंचीवर, आणि ती उंची कोणाला परवडली यावर.